लेकरू फोन पालथा ठेवतंय? आधी हे करा

दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिवकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीच्या फडावर जातात. लेकरू आजीजवळ राहतं आणि बोलणं व्हावं म्हणून एक स्मार्टफोनही. लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहिलेल्या मुलांचंही तसंच. फसवणारा माणूस असंच एकटं लेकरू हेरतो.

आधी लेकराकडे बघा, फोन नंतर. कुणी आलं की फोन पालथा घालणं, रात्री पांघरुणात बोलणं, मेसेज वाजला की दचकणं, जेवण कमी होणं. यातलं एखादं दिसलं तर लगेच घाबरू नका, वयात येताना मुलं थोडं लपवतातच. दोन-तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या तर मात्र थांबू नका. आणि एक खूण कधीच सोडू नका: तुम्ही न केलेला रिचार्ज किंवा विकत न घेतलेले गेममधले डायमंड (पैसे मोजून घ्यायचं गेममधलं नाणं). हे देणारा आधी गेममध्ये ओळख काढतो, कौतुक करतो. मग 'व्हॉट्सॲपवर ये, घरी सांगू नको' म्हणतो, नको तसला फोटो मागतो. फोटो मिळाला की धमकी सुरू.

फडावरून व्हिडिओ कॉल केलात की अभ्यासाआधी विचारा, 'आज गेममध्ये कोण कोण होतं?' रात्री फोन आजीच्या उशाशी राहील, एवढं ठरवून टाका.

शंका आली तर पहिलं वाक्य हेच: 'तुला मारणार नाही, फोनही हिसकावणार नाही.' लेकरं गप्प बसतात ती बहुतेकदा याच भीतीनं, आणि धमकावणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

मग चॅट पुसू नका. समोरच्याचं नाव, नंबर, तारखा लिहून ठेवा. पैसे देऊ नका, त्यानं मागणी वाढतेच. लेकराचा तसला फोटो पुरावा म्हणूनसुद्धा भाऊबंदांना पाठवू नका, तो पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

१०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस फुकट लागतो. cybercrime.gov.in या सरकारी वेबसाइटवर नाव न सांगताही तक्रार करता येते. गावात बोभाटा होईल म्हणून मागे सरू नका. लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे. लेकराचा जबाब घरी घेता येतो, पोलीस अधिकारी गणवेशात नसावा लागतो आणि लेकराचं नाव छापता येत नाही. तुम्ही कर्नाटकातल्या फडावर असाल तर तिथल्याच ठाण्यात जा. गुन्हा आमच्या हद्दीतला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.