मूल किंवा कुत्रं बंद गाडीत राहून जाऊ नये, यासाठी काय करावं

उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसलं की सीटबेल्टच्या बकलचा चटका बसतो. आपण हात झटकतो, काच खाली करतो, एसी लावतो. मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधलेल्या दीड वर्षाच्या मुलाला यातलं काहीच जमत नाही, आणि त्याचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं.

१. आधी स्वतः मोजून बघा

खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर रिकाम्या गाडीत मागच्या सीटवर ठेवा, थेट ऊन पडणार नाही असा. काचा बंद करा आणि बाहेर उभं राहून दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. सांगून पटत नाही ते या आकड्यांनी पटतं. बाहेर २४ अंश सेल्सिअस असताना आत दहा मिनिटांत साधारण ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंश होतात, म्हणजे कडक उन्हाळाच लागतो असं नाही. ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, पण त्यांची उष्णता काचेतून तशी बाहेर पडत नाही.

‘काच थोडी उघडी ठेवली होती’ याला अर्थ नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली मोजून दाखवलं की दीड इंच उघड्या काचेने फारसा फरक पडत नाही, आणि तासाभरात जेवढं तापायचं त्यातलं ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच तापतं. सावलीचंही तसंच. ॲरिझोनातल्या २०१८ च्या अभ्यासात ऐन उन्हाळ्यात तासभर उन्हात राहिलेल्या गाडीत सरासरी ४७ अंश भरले, सावलीतल्या गाडीतही ३८.

२. ‘मी विसरणार नाही’ यावर विसंबू नका

अमेरिकेत १९९८ पासून नऊशेहून अधिक मुलं तापलेल्या गाडीत दगावली. त्यातल्या निम्म्याहून अधिक घटनांत मूल गाडीत आहे हेच मोठं माणूस विसरलं होतं. बेफिकीर आईबाप म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. रोजच्या रस्त्यावर गाडी जवळजवळ आपोआप चालते, आणि ‘आज वाटेत मुलाला सोडायचंय’ ही नवी गोष्ट त्या सवयीखाली दबते. एरवी दुसरं कोणी सोडतं, आज तुमच्यावर आलंय, मूल झोपलंय, मागे तोंड असलेली त्याची सीट पुढून रिकामी असो वा भरलेली, सारखीच दिसते. एवढं जुळून आलं की झालं.

म्हणून डोक्यावर नाही, हातापायांवर भिस्त ठेवा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर डाव्या पायातला बूट काढून मुलाशेजारी ठेवा. एका बुटावर कोणी ऑफिसात शिरत नाही. क्लचच्या गाडीत हे अर्थातच नको, तिथे ऑफिसचं ओळखपत्र मागे टाका. एक मऊ खेळणं कायम मुलाच्या सीटवर राहू द्या, मूल बसलं की ते खेळणं ड्रायव्हरशेजारी पुढे ठेवा. आणि उतरल्यावर मागचं दार उघडून बघायचंच, मूल बरोबर नसेल त्या दिवशीही.

पाळणाघराशी एकदा स्पष्ट बोलून ठेवा: मूल ठरल्या वेळी आलं नाही तर लगेच फोन करा, आईने नाही उचलला तर बाबांना, मग आजीला. इतक्या स्वस्तात एवढी पक्की दुसरी सोय मला माहीत नाही. आठवण करून देणारी उपकरणंही असतात. इटलीत चार वर्षांखालच्या मुलांसाठी ती २०१९ पासून सक्तीची आहेत. असेल तर वापरा, पण बॅटरी संपते हे धरून चाला.

३. उभी गाडी कुलपात

काही मुलं स्वतःच खेळत गाडीत शिरतात आणि मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर आतून उघडू शकत नाहीत. गाडी घरासमोर असली तरी लॉक करा, किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका. अडकलं तर पुढच्या सीटवर येऊन हॉर्न वाजवत राहायचं, हे तीन-चार वर्षांच्या मुलालाही खेळात शिकवता येतं. मूल दिसेनासं झालं तर आधी जवळचं पाणी बघा, लगोलग गाडी आणि डिकी.

४. कुत्र्या-मांजरांचं

कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. आतली हवाच तापली की धापांचा उपयोग उरत नाही. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्यांचे हाल आणखी लवकर होतात. जिथे प्राण्याला आत नेता येत नाही, तिथे जाताना त्याला घरीच ठेवा.

५. दुसऱ्याच्या गाडीत दिसलं तर

आधी दार उघडतं का बघा. घाईत हेच राहून जातं. बंद असेल तर आपत्कालीन क्रमांकाला फोन करा आणि सोबतच्या माणसाला गाडीवाल्याला शोधायला पाठवा. मूल निपचित पडलं असेल, प्रतिसाद देत नसेल तर फोनवर तसं सांगून काच फोडा. समोरची नको, ती फुटूनही जागची हलत नाही. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच निवडा आणि मधोमध न मारता कोपऱ्यात टोकदार काहीतरी मारा.

बाहेर काढल्यावर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता आणि वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कुत्र्यालाही अंगभर गार पाणी ओता, पण ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. नंतर ठणठणीत दिसलं तरी डॉक्टरकडे न्यायचंच. आतल्या अवयवांना झालेला त्रास काही तासांनीही वर येतो.