प्रोफेज म्हणालो आणि मार्क गेले

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी कांद्याच्या मुळातल्या पेशीविभाजनाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मी एका पेशीला बिनधास्त प्रोफेज, म्हणजे विभाजनाची पहिली अवस्था, म्हणालो. ती त्यापुढची अवस्था, मेटाफेज होती, फक्त ध्रुवाच्या बाजूने (विभाजनात गुणसूत्रं ज्या टोकाकडे जातात तिकडून) दिसत होती, म्हणून गुणसूत्रं कड्यासारखी पसरलेली. माझ्या डोक्यात मेटाफेज म्हणजे पुस्तकातली ती मधली ओळ. आता मुंबईत ज्युनिअर पोरांना हेच प्रॅक्टिकल दाखवतो तेव्हा पहिलं सांगणं हेच: आकृती जुळवत बसू नका, गुणसूत्रं काय करतायत ते बघा.

कांदा दादरच्या मंडईतून आणा, वाळकी मुळं खरवडा आणि बूड पाण्याला टेकेल असा ग्लासवर ठेवा. पावसाळ्यात रोज पाणी बदललं नाही तर तो सडतो, मग चाळीतले शेजारीसुद्धा चौकशीला येतात. नवी मुळं फुटली की त्यांची टोकं आम्ही सकाळी कापतो. त्यापायी पहाटेची लोकल पकडणारी डोंबिवलीची मंडळी माझ्या नावाने खडे फोडतात. शेवटचे दोन-तीन मिलिमीटरच घ्या. त्याच्या वर पेशी नुसत्या लांबतात. अ‍ॅसिटोकार्माइनमध्ये (गुणसूत्रं रंगवणारा रंग) गरम करून कव्हरस्लिपवर (वर ठेवलेल्या पातळ काचेवर) अंगठा सरळ दाबा, सरकवू नका.

बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात, दिसतील, घाबरू नका. प्रोफेजमध्ये गुणसूत्रांचे धागे आखडून जाडावतात, पण लोकरीच्या गुंत्यासारखे; एकेक सुटं मोजता येत नाही. मेटाफेजमध्ये गुणसूत्रं सर्वांत आखूड आणि ठसठशीत. माझ्या परीक्षेतल्यासारखी ध्रुवाकडून दिसणारी पेशी मिळाली तर मोजाच, कांद्याची 16 भरतात. बाजूने पाहिलं तर ओळ कवायतीतल्यासारखी नसते: मध्यावर फक्त सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा चिमटल्यासारखा भाग) असतात, बाहू (गुणसूत्राचा उरलेला भाग) बाहेर लोंबतात. इथेच पोरं अ‍ॅनाफेज, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना वेगळी होण्याची अवस्था, म्हणून मोकळी होतात. मध्ये स्वच्छ फट आहे का? सेंट्रोमिअर ध्रुवांकडे पुढे आणि बाहू मागे फरफटतायत का? दोन्ही असेल तरच अ‍ॅनाफेज. आता प्रत्येक बाजूला 16.

टेलोफेजमध्ये, म्हणजे शेवटच्या अवस्थेत, दोन्ही टोकांना गोळे होतात, धागे पुसट होतात, मध्ये नवी पातळ पेशीपट्टी दिसू लागते. दोन शेजारी केंद्रकं दिसली की लगेच टेलोफेज लिहू नका, आधी ती पट्टी शोधा.

आणि आकृती काढताना ध्रुवांवर तारे (किरणांसारखे पसरलेले धागे) काढू नका. ते प्राण्यांच्या पेशीत असतात, कांद्याच्या नाही. मी काढले होते, त्याच परीक्षेत.