म्हाडाच्या घराचा अर्ज भरताय? या चुका टाळा

ऑक्टोबर २०२४. म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या २,०३० घरांची सोडत निघाली, तेव्हा अनामत रक्कम भरून बसलेले अर्जदार एक लाखाहून जास्त होते. त्याच महिन्यात कोकण मंडळानं ११,१८७ घरं ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ म्हणून विक्रीला काढली आणि ती खपावीत म्हणून पुढे ठिकठिकाणी स्टॉल मांडले. एका घरामागे पन्नासावर माणसं इकडे, आणि तिकडे घर आहे तर माणूस नाही. ‘नशीब लागतं हो’ हे वाक्य आपण सगळेच ऐकत आलोय. नशिबाचं मी बोलत नाही, पण अर्ज भरतानाची घाई मात्र आपल्या हातातली गोष्ट आहे.

उत्पन्न दोघांचं धरतात

बरेच अर्ज इथं घसरतात. मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशात वार्षिक सहा लाखांपर्यंत अत्यल्प, नऊ लाखांपर्यंत अल्प, बारा लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च गट. उरलेल्या राज्यात बहुतेक ठिकाणी अत्यल्पची मर्यादा साडेचार लाख आणि अल्पची साडेसात लाख. पण हे उत्पन्न नवरा-बायकोचं मिळून. माझ्या मामेभावाचं स्वतःचं साडेपाच लाख. वहिनी शिकवण्या घेते, तिचे दोनेक लाख. ‘तिचं कुठं पक्कं आहे, कशाला दाखवायचं’ म्हणून त्यानं अत्यल्प गटात अर्ज ठोकला. वहिनीनं मात्र दरवर्षी इमानेइतबारे विवरणपत्र भरलेलं! अर्ज पात्रतेतच अडकला. आपल्या गटाच्या वरच्या गटात अर्ज करता येतो, खालच्या गटात नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कागदपत्रं आता सोडतीच्या आधीच तपासली जातात, त्यामुळे ‘लागलं की बघू’ चालत नाही. कपाटातलं जुनं, बारकोड नसलेलं अधिवास प्रमाणपत्र बाहेर काढू नका, नवीन काढून घ्या. आधारवर सासरचं आणि पॅनवर माहेरचं नाव असेल तर ती दुरुस्ती जाहिरात येण्याआधी करा. नंतर सेतू केंद्रात अशी गर्दी होते की विचारू नका.

एकूण घरं बघून हुरळू नका

जाहिरातीतल्या तक्त्यात एका संकेत क्रमांकापुढे, म्हणजे एका योजनेपुढे, समजा दहा घरं दिसली. ती दहाही तुमच्यासाठी नसतात. अनुसूचित जातींना ११ टक्के, जमातींना ६, माजी सैनिकांना ५, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना ५, पत्रकारांना अडीच, असं वाटप झाल्यावर सर्वसाधारण प्रवर्गाला काय उरतं तो रकाना बघा. (२०२४ च्या सोडतीपर्यंत आजी-माजी आमदार-खासदारांनाही २ टक्के होते, आणि तेही अगदी अत्यल्प गटात! आमदाराच्या मानधनात वर्षाला सहा लाखांच्या आत कोण बसणार, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.)

झुंबड ठराविक ठिकाणीच उडते. ठाणे, कल्याणकडे खासगी बिल्डरच्या प्रकल्पातली ‘वीस टक्के योजने’तली घरं म्हणजे अर्जांचा डोंगर. मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्या विकासकाला २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी द्यावी लागतात, ती ही. तिथं अर्ज जरूर करा, पण फक्त तिथंच करू नका.

लागलं, पण पैसे?

२०२४ च्या मुंबई सोडतीत अनामत रक्कम अत्यल्पला २५ हजार, अल्पला ५०, मध्यमला एक लाख आणि उच्चला दीड लाख होती. लोक तेवढ्याचीच जुळवाजुळव करतात. खरा घोर देकार पत्रानंतर, म्हणजे घर देऊ केल्याचं पत्र आल्यावर लागतो: आधी २५ टक्के, मग ७५, आणि मुदत दिवसांत मोजलेली. कर्ज किती मिळेल हे बँकेत आधी विचारून या, तेही दोघांच्या पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन. मुद्रांक शुल्क, नोंदणी, देखभालीची आगाऊ रक्कम हे सगळं वेगळं. २०२३ मध्ये ताडदेवची काही घरं साडेसात कोटींच्या घरात होती. घर लागलं म्हणून आनंद आणि ते परत करताना मनस्ताप, हा खेळ लहान रकमेच्या घरातही होतो, फक्त त्याची बातमी होत नाही.

रिकामं घर म्हणजे टाकाऊ घर नव्हे, आणि सोन्याची कोंबडीही नव्हे

विरार-बोळिंजचं उदाहरण घ्या. हजारो घरं बांधून तयार, आणि पुन्हा पुन्हा जाहिरात देऊनही पडून. कारण गूढ नव्हतं, पाणी नव्हतं. सूर्या योजनेचं पाणी २०२३ च्या अखेरीस वसई-विरारला मिळू लागलं आणि चित्र हळूहळू बदललं. म्हणून ‘ती घरं कुणी घेत नाही’ हे जुनं वाक्य ऐकून फुली मारू नका. कल्याण-ठाण्याकडच्या खोणी, शिरढोण, गोठेघर इथल्या म्हाडाच्या घरांबद्दलही आजचं काय ते आज जाऊन बघा.

जायचं कसं, तेही सांगतो. रविवारी दुपारी नमुना घर बघून परतू नका. आठवड्याच्या मधल्या वारी रात्री साडेआठला स्टेशनवर उतरा, शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, भाडं किती ते विचारा. इमारतीखाली उभं राहून उजेड असलेल्या खिडक्या मोजा. वॉचमनला टँकर शेवटचा कधी आला ते विचारा, कार्यालयापेक्षा तो नेमकं सांगतो. राहणाऱ्या एखाद्या काकूंकडे देखभालीचं बिल बघायला मागा.

ताबा घेताना आणखी एक. बरीच वर्षं बंद राहिलेल्या घरात नळाचे वायसर सुकतात, नहाणीघराच्या जाळ्या कोरड्या पडून वास येतो, खिडकीच्या चौकटीतून पहिल्याच पावसात ओल उतरते. सगळे नळ तासभर सोडून ठेवा, मग खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. जे दिसेल ते ताबापत्रावर सही करण्याआधी लेखी द्या, पोच घ्या.

पंतप्रधान आवास योजनेतलं घर असेल तर देशात कुठंही स्वतःचं किंवा कुटुंबाचं पक्कं घर नसावं लागतं. गावाकडं वडिलांनी तुमच्या नावावर केलेलं घरही त्यात आलं, ते ‘विसरू’ नका. न विकल्या गेलेल्या घरांच्या अटी काही वेळा सैल करतात, पण कोणत्या योजनेला आणि कोणती अट, हे जाहिरातीत वाचा. म्हाडाचं घर पाच वर्षं विकता येत नाही. आणि दलाल? म्हाडानं कुणालाच नेमलेलं नाही. २०२४ मध्ये तर हुबेहूब बनावट संकेतस्थळ काढून लोकांना गंडवल्याचं उघड झालं.

मामेभावानं पुढच्या खेपेला दोघांचं उत्पन्न लावून अल्प गटात अर्ज केला, तोही असंच बरेच दिवस पडून राहिलेलं घर निवडून. आता तिथं राहतात. पाणी दोन्ही वेळ येतं, तरी बाल्कनीत निळा ड्रम आहे. तो म्हणतो काढून टाकू, जागा अडते. वहिनी म्हणते, राहू दे.