हॅस्केलच्या मुलखात नव्याने आलेल्या सोलापूरकरांसाठी

पीएचपी नाहीतर नोड सोडून हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेकडे आलेल्या पोरांचे प्रश्न ठरलेले असतात आणि ठेचही त्याच दगडाला लागते. म्हणून हे लिहून ठेवतोय.

कंपायलर जीएचसीअप या इन्स्टॉलरनेच बसवा. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पहिला बिल्ड मशीनचा घाम काढतो. कबालला (बिल्ड करणारं टूल) एकावेळी एकच काम करायला सांगा आणि जेवून या. पुढचे बिल्ड एवढे रखडत नाहीत.

आधी येऊन बसलेले काहीजण तुम्हाला मोनाड या अमूर्त कल्पनेची व्याख्या विचारतील. त्यांना नमस्कार करा आणि सर्व्हंट ही वेब एपीआयची लायब्ररी उघडा. सर्व्हंटमध्ये अख्खा एपीआय म्हणजे एक टाइप: मार्गाचे (यूआरएलचे) तुकडे, कॅप्चर (यूआरएलमधून उचलायची किंमत), बॉडी, शेवटी गेट किंवा पोस्ट. हँडलर (विनंतीला उत्तर देणारं फंक्शन) त्याच्याशी जुळला नाही तर कोड कंपाइलच होत नाही. त्याच टाइपमधून क्लायंट आणि ओपनएपीआयचं (एपीआयच्या वर्णनाचा ठरलेला नमुना) डॉक्युमेंटही निघतं. मार्ग वाढले की ते एकामागे एक जोडत बसू नका. क्रम चुकला की पानभर एरर येते आणि तिच्यातून चूक कुठली ते कळत नाही. नेम्ड राउट्स घ्या, म्हणजे प्रत्येक मार्गाला नाव राहतं.

आता मुख्य गोष्ट. समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डर घेणारा सर्व्हर लिहायचाय. ऑर्डर डझनात येते, स्टॉक नगात मोजतात. दोन्हीकडे नुसता इंट (पूर्णांक) ठेवला तर ५० डझनाचे ६०० नग वजा व्हायचे तिथे ५० होतील आणि कंपायलर गप्प बसेल. डझन आणि नग असे दोन न्यूटाइप (इंटवर बसवलेले वेगवेगळे टाइप) करा, रूपांतराचं फंक्शन एकच ठेवा. इथपर्यंत सगळे नीट येतात. मग शून्य आणि उणे आकडे नाकारणारं तपासणीचं फंक्शन लिहितात, कन्स्ट्रक्टर (त्या टाइपची किंमत थेट बनवणारं नाव) मॉड्यूलमध्ये लपवतात आणि शेवटी जेसन वाचायचं इन्स्टन्स (टाइप कसा वाचायचा याची व्याख्या) डिराइव्ह करून, म्हणजे कंपायलरकडून आपोआप बनवून घेऊन, मोकळे होतात.

तिथेच बट्ट्याबोळ होतो. डिराइव्ह केलेलं इन्स्टन्स तुमच्या तपासणीकडे ढुंकूनही बघत नाही, ते सरळ कन्स्ट्रक्टर वापरतं. बाहेरून उणे पाच डझनाची ऑर्डर आली तरी आत घेतली जाते, स्टॉक वजा व्हायच्याऐवजी वाढतो, आणि टाइप तपासलाय म्हणून कोणी तिकडे बघतही नाही. जेसन वाचणारं पार्सजेसन हे फंक्शन हाताने लिहा: आधी इंट वाचा, मग तो तपासणीच्या फंक्शनमधून न्या, नापास झाला तर फेल. यूआरएलमधून येणाऱ्या आकड्यालाही हेच लागू. तिथे यूआरएलचा तुकडा वाचणाऱ्या पार्सयूआरएलपीसमध्ये लेफ्ट (म्हणजे अपयश) परत करा. दोन्हीकडे गिऱ्हाइकाला ४०० (चुकीची विनंती) मिळतो आणि हँडलरमध्ये एकही इफ लिहावा लागत नाही. परत सांगतो: तपासणी असलेल्या न्यूटाइपवर जेसन वाचायचं इन्स्टन्स डिराइव्ह करायचं नाही. कितीही घाई असो.

त्याचाच भाऊ म्हणजे मेबी, असेल किंवा नसेल अशा किमतीचा टाइप. ‘सवलत’ हे फील्ड मेबी आहे आणि समोरच्याने ‘सवालत’ पाठवलं, तर एसन (जेसन वाचणारी लायब्ररी) काही बोलत नाही. नथिंग (काहीच नाही) धरतो आणि सवलत न देता बिल फाडतो. एसनच्या ऑप्शन्समध्ये रिजेक्टअननोनफील्ड्स (अनोळखी फील्ड नाकारा) चालू करा. मुळात ते बंद असतं.

सर्व्हंट बॉडी नाकारतो तेव्हा एरर साध्या मजकुरात पाठवतो, आणि फ्रंटएंडवाले जेसनची वाट बघत बोंब मारतात. एररचा साचा ठरवणारे एररफॉरमॅटर्स सर्व्हंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये द्या. प्युअर कोडमध्ये हेड (यादी रिकामी असली की फुटणारं) आणि एरर ही फंक्शन्स वापरू नका. भाषा आळशी आहे, किंमत लागेपर्यंत हिशेबच करत नाही. स्फोट तुम्ही ट्राय लावलेल्या जागी न होता पुढे उत्तर तयार होताना होतो आणि हाती ५०० (सर्व्हरची चूक) लागतो. मजकुरासाठी स्ट्रिंग सोडा, टेक्स्ट वापरा. रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात. डबलमध्ये (दशांश आकड्यांचा टाइप) कधीच नाही.

या मुलखातली माणसं भली आहेत, विचारलं की तासभर समजावतात. डॉक्युमेंटेशन मात्र कंजूष: टाइप लिहिला की समजावून झालं असं त्यांना वाटतं, उदाहरण शोधायला तुम्हाला टेस्टच्या फोल्डरमध्ये शिरावं लागतं. तिथे शिरायला लाजू नका.

सर्व्हरवर नेताना बायनरी त्याच डिस्ट्रोच्या त्याच आवृत्तीवर बनवा. नव्या उबंटूवर बनवलेली जुन्या सर्व्हरवर नेली की जीलिबसी या सिस्टम लायब्ररीच्या आवृत्तीवरून अडते, आणि तोवर कारखान्याच्या मालकाचे दोन फोन येऊन गेलेले असतात.