शेततळ्यातल्या माशांना तापमानाचा झटका बसू नये म्हणून

माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा थंड असतं. रोहू, कटला, तिलापिया थंडीतलं वीस अंशांचं पाणीही सोसतात आणि उन्हाळ्यातलं बत्तीसचंही, पण हा बदल कित्येक आठवड्यांत झालेला असतो. तेवढा फरक दहा मिनिटांत पडला तर कल्ल्यांचं काम बिघडतं, अंगातल्या क्षारांचा तोल जातो, प्रतिकारशक्ती घटते. मर लगेच दिसेलच असं नाही. चार-आठ दिवसांनी पांढरे ठिपके किंवा कापसासारखी बुरशी दिसते आणि दोष बियाण्यावर, म्हणजे विकत आणलेल्या पिल्लांवर, जातो.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तळ्यात सोडताना सर्वाधिक चूक होते. पिशवी आणि तळं, दोन्हीकडचं पाणी तापमापकानं मोजा; हाताच्या अंदाजावर विसंबू नका. बंद पिशव्या वीस-तीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, शक्यतो सावलीत, कारण उन्हात पिशवी तळ्यापेक्षा जास्त तापते. फरक दोन अंशांच्या आत आला की तोंड उघडा, दोन-तीन वेळा मगभर तळ्यातलं पाणी आत घाला आणि पाचेक मिनिटांत पिशवी आडवी करून पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्या. उघडलेली पिशवी तासभर धरून बसू नका. प्रवासात पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून सामू (पीएच) उतरलेला असतो; तोंड उघडताच तो वायू उडतो, सामू चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो.

बोअरच्या पाण्याची भीती मोठ्या तळ्यात फारशी नको. वीस लाख लिटरच्या तळ्यात पाणी वीस अंशांवर असताना सव्वीसचं दोन लाख लिटर सोडलं, तरी सगळं मिसळून अर्धा अंशच वाढतो. दहा हजार लिटरच्या बायोफ्लॉक टाकीत (जिथे सूक्ष्मजीवांचे पुंजके पाणी साफ ठेवतात) मात्र निम्मं पाणी बदललं की तीन अंशांची उडी. तिथे एका वेळी दहा टक्क्यांवर जाऊ नका. उन्हात पसरलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी बाहेर सोडा, ते चटका बसेल इतकं तापलेलं असतं. बोअरच्या पाण्यात प्राणवायूही कमी, म्हणून ते उंचावरून फवारूनच पडू द्या.

जत-आटपाडीकडे किंवा माण-खटावात थंडीत पंगस मासा सोडण्याची घाई नको. त्याला २६ ते ३० अंश मानवतात. पाणी विसाच्या खाली गेलं की सगळ्यांचंच खाद्य निम्म्यावर आणा आणि ते दुपारी द्या. तिलापिया सोळाच्या आसपास खाणं सोडतो, मग टाकलेलं खाद्य फक्त सडतं.

एप्रिल-मे मधला वळीव, त्यातही गारांचा, खरा घातकी. दुपारभर तापलेल्या वरच्या थरावर थंड पाणी पडतं, जड होऊन तळाशी जातं आणि तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर ढकलतं. हे टाळायचं तर उन्हाळ्यात एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्रीसोबत दुपारीही तास-दोन तास चालवा, म्हणजे थर साचत नाहीत. साचलेत का हे पाहायला बूच लावलेल्या बाटलीला दगड बांधून ती तळाशी सोडा, दुसऱ्या दोरीनं बूच ओढा, भरली की वर काढून लगेच मोजा. वर-खाली तीन अंशांहून जास्त फरक असेल आणि आभाळ भरून येत असेल, तर वीज जायच्या आत एअरेटर लावा, जनरेटरमधलं डिझेल बघून घ्या आणि संध्याकाळचं खाद्य टाकू नका.