छत्तीसातल्या तीन फ्रेम: आपलाच रोल कसा निवडावा

कॅमेऱ्यातला छत्तीस फोटोंचा फिल्म रोल धुऊन आला की त्याच संध्याकाळी त्यातले चांगले फोटो निवडायला बसू नका. तेव्हा डोळ्यांसमोर फोटो नसतो, तो काढला तो दिवस असतो. चार जिने चढून गाठलेल्या गच्चीवरची फ्रेम चांगलीच वाटणार. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड मुद्दाम वर्षभर रोल धुवत नसे, पण १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुताच राहिले होते. तेवढं ताणू नका. रोल लगेच धुवा, पावसाळ्यात तर नक्कीच. वाट बघायची ती निवडीसाठी. तीन आठवडे पुरतात.

आधी कॉन्टॅक्ट शीट काढा, म्हणजे निगेटिव्हच्या सगळ्या पट्ट्या कागदावर ठेवून मूळ आकारातच छापलेलं पान. सहा-सहा फ्रेमच्या सहा पट्ट्या ८ बाय १० इंची कागदावर जेमतेम मावतात, कडेची भोकं थोडी बाहेर जातात, चालेल. ग्रेड दोनवर (म्हणजे मध्यम कॉन्ट्रास्टच्या कागदावर) फिल्मचा कोरा भाग पूर्ण काळा व्हायला लागतो तेवढाच वेळ प्रकाश द्या, जास्त नाही. मग कुठली फ्रेम कमी एक्स्पोज झाली, म्हणजे फोटो काढताना तिला प्रकाश कमी मिळाला, ते शीटच सांगते. लॅबचं स्कॅन हे सांगत नाही, कारण मशीन प्रत्येक फ्रेम परस्पर उजळ करून देतं. स्वतः स्कॅन करत असाल तर सगळ्या रोलला एकच सेटिंग ठेवा.

आता चुका. इथे ‘फोटो हलला’ एवढं म्हणून सुटू नका. आठपट भिंगाखाली निगेटिव्ह बघा. दिव्याचा ठिपका रेघ झाला असेल आणि सगळंच एका दिशेला ओढलं गेलं असेल, तर कॅमेरा हलला. ५० मिमीच्या लेन्सवर शटर १/६० सेकंदापेक्षा हळू झालं असेल. मागची भिंत धारदार आणि चेहरा मऊ, तर फोकस चुकला. भिंत धारदार आणि फक्त हात पुसट, तर हात हलला, आणि ही प्रत्येक वेळी चूक नसते. प्रिंटवर ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणेसुद्धा मऊ दिसले तर कॅमेऱ्याला बोल लावू नका, एन्लार्जरचा (निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा) फोकस तपासा.

निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकं दिसत असेल तर फिल्मच्या कडेचे छापील आकडे बघा. ते ठळक असतील तर एक्स्पोजर कमी पडलं. तेही फिके असतील तर डेव्हलपिंग, म्हणजे रोल धुणं, कमी पडलं. केमिकल जुनं, थंड, किंवा वेळ अपुरी.

निवड याच्या नंतर. शीट खालची बाजू वर करून उलटी धरा, म्हणजे माणसं ओळखू येत नाहीत, फक्त काळं-पांढरं उरतं. त्यातही जी फ्रेम डोळा ओढते तिच्यावर लाल ग्रीस पेन्सिलने टिंब द्या. मग शीट सुलट करून एकसारख्या फ्रेम शेजारी शेजारी बघा.

समजा, एसटी स्टँडवरच्या चहावाल्याच्या ११ ते १४ अशा चार फ्रेम आहेत. अकरामध्ये खांब त्याच्या डोक्यातून उगवलाय. बारामध्ये चहाची धार हवेत आहे, पण कोपर कडेला कापलंय. तेरामध्ये तो कॅमेऱ्याकडे बघून हसतो. चौदामध्ये तो पाठमोरा, आणि गिऱ्हाइकाचा पसरलेला हात कपाच्या दिशेने. बहुतेक जण तेरा निवडतात, कारण तो हसला ते आपल्यासाठी. तिऱ्हाइताला त्यात एक हसरा माणूस दिसतो, स्टँड दिसत नाही. चौदा ठेवा. बारा मात्र सोडताना लिहून ठेवा, ‘एक पाऊल मागे हवं होतं’. ही नोंद पुढच्या रोलला उपयोगी पडते. ‘कॉम्पोझिशन कमजोर’ असं लिहून काहीच हाती लागत नाही.

टिंब दिलेल्या फ्रेमच्या ४ बाय ६ च्या स्वस्त प्रिंट काढा आणि कपाटाच्या दारावर चिकटवा. पंधरा दिवस येता-जाता दिसू द्या. ज्यांच्यावरून नजर घसरते त्या काढत जा. छत्तीसातल्या तीन उरल्या तर रोल चांगला गेला समजा, एकही न उरणं हेही नेहमीचंच.

नापास निगेटिव्ह टाकू नका आणि पट्टीतून एकेक फ्रेम कापू तर नकाच. वर्षभराने तीच शीट काढून निळ्या पेन्सिलने पुन्हा निवड करा. लाल आणि निळी खूण जिथे जुळत नाही, त्या फ्रेम आधी मोठ्या करून बघा.