१९६९ची कॅमॅरो झेड-२८: इंजिन मूळचं की मागून बसवलेलं, कसं ओळखावं

विकणारा 'सगळे नंबर जुळतात' (म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स याच गाडीचे मूळचे) म्हणाला की मान डोलवा आणि टॉर्च, छोटा आरसा, ब्रेक क्लीनर नि मऊ फडकं घेऊन बॉनेट उघडा. शेवरलेने त्या मॉडेल-वर्षात कॅमॅरोच्या या वेगवान आवृत्तीच्या, झेड-२८च्या, २०,३०२ गाड्या बनवल्या. साध्या कॅमॅरोची झेड-२८ करून विकण्यात चांगला पैसा आहे, म्हणून ही उस्तवार.

आधी डॅशबोर्डवरचा, काचेतून दिसणारा गाडीचा नंबर उतरवून घ्या. सुरुवातीचं १२४३७ म्हणजे व्ही-८ कूपे, पुढचा ९ वर्षाचा, मग 'एन' असेल तर ओहायोतला नॉरवूड कारखाना आणि 'एल' असेल तर लॉस एंजेलिसचा. या नंबरवरून गाडी झेड-२८ आहे हे अजिबात कळत नाही. कळतं असं सांगणाऱ्याला पुढचं काही विचारू नका. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या) पाटीवर 'एक्स ३३' किंवा 'एक्स ७७' दिसलं तर उत्तम, पण तो कोड फक्त नॉरवूडच्या आणि त्याही डिसेंबर १९६८पासूनच्या गाड्यांवर असतो. शिवाय पाट्या नव्या करूनही मिळतात.

आता इंजिन. सगळे फसतात ते इथे, आणि मीही फसलो.

पॅसेंजरच्या बाजूला (अमेरिकन गाडीत उजवीकडे) सिलिंडर हेडच्या पुढे, ऑल्टरनेटरच्या आडोशाला ब्लॉकची (इंजिनाच्या ओतीव धडाची) एक अरुंद सपाट पट्टी दिसते. तिला पॅड म्हणतात. त्यावर 'व्ही' म्हणजे फ्लिंटचा कारखाना, मग इंजिन-जुळणीच्या महिना-तारखेचे चार आकडे आणि शेवटी 'डीझेड', म्हणजे झेड-२८चं ३०२ घनइंचांचं इंजिन. गाडीच्या नंबरचा शेवटचा भागही, '१९एन' किंवा '१९एल' आणि पुढे सहा आकडे, या पॅडवर किंवा ऑइल फिल्टरजवळ ठोकलेला असतो.

पॅडला पॉलिश पेपर लावू नका. वायर ब्रशही नको. माझ्या पहिल्याच गाडीवर मी हौसेने पेपर मारला आणि आकडे चकचकीत केले. त्यासोबत पुरावाही गेला. कारखान्यात तो पृष्ठभाग ब्रोचिंगने (दातेरी हत्यार सरळ ओढून) कापत, त्यामुळे पुढून मागे जाणाऱ्या बारीक, सरळ, समांतर रेघा उरतात. अक्षरांइतक्याच या रेघा महत्त्वाच्या. पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल किंवा रेघा गोलाकार असतील, तर ब्लॉक नंतर कधीतरी मशिनवर चढलेला आहे. तो इमानदार दुरुस्तीसाठी चढला असेल, किंवा जुने आकडे पुसून नवे ठोकायला. टॉर्च वरून मारू नका, तिरपी धरा.

रेघांचीही नक्कल करणारे आहेत, म्हणून मागे जा. बेल हाउसिंगच्या फ्लँजवर (ब्लॉकच्या मागच्या कडेवर, जिथे गिअरबॉक्सचं आवरण जोडतात), पॅसेंजरच्या बाजूला, ब्लॉक ओतल्याची तारीख उठावात असते: महिन्याचं अक्षर ('ए' जानेवारी, 'बी' फेब्रुवारी), दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. आरशाशिवाय दिसत नाही, म्हणून लोक टाळतात. एका गाडीचा पॅड पाहून मी मित्राला 'घे' म्हणालो होतो. पॅडवर जुळणी २० फेब्रुवारीची. घरी आणल्यावर मागे वाचलं तर 'सी १२ ९', म्हणजे ब्लॉक ओतला १२ मार्चला. बारसं आधी, जन्म नंतर! आधी ओतीव, मग इंजिनची जुळणी, मग गाडी. हा क्रम उलटला की विषय संपला.

ड्रायव्हरच्या बाजूच्या फ्लँजवर ओतीवाचा नंबर असतो. ३९७००१० असला तर दुप्पट सावध राहा. हा ब्लॉक खऱ्या झेड-२८मध्ये येतो, पण ३५० इंजिनांसाठी तो सत्तरच्या दशकातही ओतला जात होता. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, फरक स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा), आणि स्ट्रोक बाहेरून दिसत नाही. तारखेतला एकटा '९' म्हणजे १९६९च असंही धरू नका.

गिअरबॉक्स सोपा: मन्सीवर (या गाडीच्या गिअरबॉक्सवर) 'पी', मग ९, मग महिना-दिवस, शिवाय गाडीच्या नंबरचा तुकडा.

पॅडवर 'सीई' दिसलं तर दचकू नका. तो कंपनीनेच वॉरंटीत बदलून दिलेला ब्लॉक असतो. मूळचा नव्हे, पण खोटाही नव्हे. मी अशी गाडी घेईन, फक्त मूळ इंजिनाचा भाव देणार नाही.